कुणाकडं आलासा?

कोल्हापूर जिल्हा पाहण्यास येणाऱ्या कुटुंबाचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. पहिल्या दिवशी अंबाबाईचे दर्शन, रंकाळा आणि नवा राजवाडा. दुसऱ्या दिवशी जोतिबा आणि पन्हाळा. तिसऱ्या दिवशी कुंभोजचे बाहुबली आणि नृसिंहवाडी. तिसऱ्या दिवशी उजेड शिल्लक राहिला तर ‘जाता जाता’ खिद्रापूर. गाडी थेट मंदिराशी उभी राहते, छायाचित्रे निघतात आणि तासाभरात गाडी परतीच्या रस्त्याला लागते. घरी पोहोचल्यावर ‘खिद्रापूर पाहिले’ अशी नोंद होते. प्रत्यक्षात पाहिलेले असते ते कोपेश्वराचे मंदिर. खिद्रापूर नावाचे गाव तेवढे पाहायचे राहून गेलेले असते.

लहान गावाला प्रवासी म्हणून जाणे ही दिसते तितकी साधी गोष्ट नव्हे. मोठ्या शहरात परक्या माणसाची कोणी दखल घेत नाही. तेथे निवास, भोजन आणि वाहन पैशाने मिळते व व्यवहार तेथेच संपतो. लहान गावात मात्र परका माणूस पाऊल ठेवताक्षणी साऱ्यांच्या नजरेत भरतो. त्याचे चालणे, बोलणे, कोणाच्या दारासमोर गाडी उभी करणे, हे सारे गाव पाहत असते. प्रवासी गाव पाहायला गेलेला असतो, त्याच वेळी गावही त्याला पाहत असते. याचे भान ज्याला राहते, त्याचा प्रवास निराळा होतो.

खिद्रापूर हे शिरोळ तालुक्यातील कृष्णाकाठचे गाव. कोल्हापूरपासून सुमारे ६० किलोमीटर पूर्वेला, महाराष्ट्राच्या अगदी कडेला. नदीच्या पलीकडे कर्नाटक सुरू होते. जयसिंगपूर, शिरोळ, नृसिंहवाडी असे टप्पे मागे पडतात. वाडीला पंचगंगा कृष्णेस मिळते. पुढे पटवर्धन संस्थानिकांचे जुने कुरुंदवाड लागते. तेथून रस्ता अरुंद होतो. दोन्ही बाजूंना उसाचे फड, मध्येच भाजीपाल्याचे मळे, काळीभोर गाळाची जमीन आणि कोठे कोठे पांढुरकी दिसणारी क्षारपड शेते. पाणी भरपूर मिळाले, पण त्याचा निचरा झाला नाही, की सुपीक मातीचे काय होते हे या पांढऱ्या पट्ट्यांवरून समजते. ज्या जमिनीने तालुक्याला संपन्नता दिली, तिलाच अतिपाण्याने रोग जडला. गाडीच्या काचेआडून हे सारे एकसारखे हिरवे दिसते. एस.टी.च्या खिडकीपाशी बसलेल्या माणसाला, शेजारच्या शेतकऱ्याशी दोन शब्द बोलल्यावर, त्यातला फरक कळू लागतो.

कुरुंदवाडच्या जवळच हेरवाड नावाचे गाव आहे. मंदिरांच्या यादीत त्याचे नाव नसल्याने प्रवासी तिकडे फिरकत नाहीत. मे २०२२ मध्ये या गावाच्या ग्रामसभेने एक ठराव केला. पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे या प्रथा गावातून बंद कराव्यात, असा तो ठराव होता. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडचे अनुकरण करावे असे सुचविले. शहरांतील परिसंवादांना जे साधले नव्हते, ते शिरोळ तालुक्यातील एका गावाने पंचायतीच्या कागदावर आणले. कोपेश्वराच्या भिंतीवरील शिल्पांइतकेच हे कामही पाहण्याजोगे आहे. ते दगडात कोरलेले नसल्याने तेवढे नजरेस पडत नाही.

काही वर्षांपूर्वी पौष महिन्यात साठी उलटलेला एक प्रवासी एस.टी.ने खिद्रापूरला आला होता. देऊळ पाहून झाले, परतीच्या गाडीला अवकाश होता. थांब्याजवळच्या एका घराच्या कट्ट्यावर तो टेकला. आतून एक वृद्ध बाई बाहेर आल्या. त्यांनी प्रथम विचारले ते असे :

“कुणाकडं आलासा, पाव्हणं?”

“कुणाकडे नाही मावशी, देऊळ बघायला आलो होतो.”

“मग बसा की. गाडीला येळ हाय. च्या घेऊन जावा.”

या एका प्रश्नात गावाची सारी रीत सामावली आहे. ‘काय पाहायला आलात’ असे गाव विचारत नाही. ‘कोणाकडे आलात’ असे विचारते. गावाच्या दृष्टीने माणूस कोणाचा तरी असतो. कोणाचा जावई, कोणाचा मामेभाऊ, कोणाच्या बोर्डिंगातला सोबती. कोणाकडेही न आलेला माणूस ही गावाला थोडी अवघडच गोष्ट वाटते. मग ती अडचण गाव आपल्या पद्धतीने सोडविते. जो कोणाकडेच आलेला नाही, त्याला कोणीतरी आपल्या कट्ट्यावर बसवून घेते.

चहा पिता पिता बाईंनी विचारले, “बस्ती बघितलासा का न्हाई? आदिनाथाची?” प्रवाशाला ते ठाऊक नव्हते. त्याच्याजवळच्या माहितीपत्रकात कोपेश्वराचे वर्णन होते, स्तंभांची संख्या होती, परंतु थोड्याच अंतरावरील आदिनाथांच्या जुन्या दगडी बस्तीचा उल्लेख नव्हता. बाईंनी नातवाला सोबत दिले. प्रवासी बस्ती पाहून आला, आणि परतताना भिंतीकडे बोट दाखवून बाईंनी जे सांगितले, ते कोणत्याच पत्रकात मिळण्यासारखे नव्हते. ते पुढे येईलच. आधी मंदिराविषयी.

कोपेश्वराचे मंदिर बाराव्या शतकातील, शिलाहार राजांच्या काळातले. मंदिरात शिरताना प्रथम लागतो तो स्वर्गमंडप. ४८ खांबांचा हा मंडप मध्यभागी उघडा आहे. छताला वाटोळा झरोका आणि त्याच्या बरोबर खाली जमिनीवर तशीच वाटोळी शिला. झरोक्याभोवती बारा खांबांचे कडे आहे. कार्तिक पौर्णिमेच्या रात्री चंद्र या झरोक्याच्या माथ्यावर येतो आणि ते पाहण्यासाठी मोठी गर्दी लोटते. त्यामागे साधे गणित आहे. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूस असतो. कार्तिकात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असल्याने चंद्र तितकाच उत्तरेकडे असतो, आणि खिद्रापूरचे अक्षांश सोळा ते सतरा अंशांच्या दरम्यान असल्याने मध्यरात्रीच्या सुमारास तो जवळजवळ डोक्यावर येतो. गणित समजल्याने त्या दृश्याची शोभा उणावत नाही. उलट, आकाश इतके बारकाईने पाहणारी माणसे या काठावर राहत होती, याचा आदर वाटतो.

मंदिरासमोर नंदी नाही, ही प्रत्येक प्रवाशाच्या लक्षात येणारी गोष्ट. कथा अशी सांगतात की दक्षाच्या यज्ञास सती नंदीवर बसून गेली. तिच्या देहत्यागाने शंकर कोपले, ते कोपेश्वर. त्यांची समजूत घालण्यास विष्णू आले, ते धोपेश्वर. म्हणून गाभाऱ्यात दोन लिंगे आहेत आणि नंदी येथे नाही. तो नदीपलीकडे येडूरला असल्याचे मानतात. कृष्णेच्या दोन काठांवर आज दोन राज्ये आहेत, कागदपत्रांच्या भाषाही दोन आहेत. कथेने मात्र देव एका काठावर आणि त्याचे वाहन दुसऱ्या काठावर ठेवले आहे. सीमाभागातील माणसांचे जगणे असेच आहे. शेत इकडे, सोयरीक तिकडे. घरात मराठी, बाजारात कन्नड.

बाहेरच्या भिंतीच्या तळाशी हत्तींची रांग आहे. साऱ्या मंदिराचा भार त्यांनी पाठीवर तोलला आहे असा भास होतो. अनेकांच्या सोंडा तुटलेल्या, अनेक मूर्तींचे चेहरे फुटलेले. दक्षिण दाराजवळ देवगिरीच्या यादवांपैकी सिंघण राजाचा संस्कृत शिलालेख आहे. तो १२१३ च्या सुमाराचा असून देवाच्या पूजेसाठी दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. याच सिंघणाने शिलाहारांचा शेवटचा राजा दुसरा भोज याचे राज्य जिंकून घेतले होते. ज्या घराण्याचा पराभव केला, त्याच घराण्याच्या काळातील देवालयाला विजेत्याने दान दिले आणि ते दगडावर लिहून ठेवले. राज्य गेले, पूजा चालू राहिली. जमाखर्चाच्या वह्या पाहण्याची सवय असलेल्या माणसाला या लेखापुढे थांबावेसे वाटते. रक्कम कोणी ठेवली आणि कोणी पुढे चालविली, ही दोन्ही नावे वेगळी असूनही खाते बंद पडलेले नाही.

आता त्या बस्तीकडे. ती आकाराने लहान आहे आणि कोपेश्वराच्या भव्यतेपुढे सहज दुर्लक्षित होते. आत भगवान आदिनाथ. तेथे गर्दी नसते. बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर डोळ्यांना अंधार सरावण्यास क्षणभर लागतो आणि मग दगडाचे काम दिसू लागते. शिव आणि जिन यांची दोन देवालये एका लहान गावात इतकी जवळ कशी, असा प्रश्न आजच्या प्रवाशाला पडतो. त्या काळच्या माणसाला तो पडला नसावा. शिलाहार राजा गंडरादित्य याच्या १११० च्या ताम्रपटात इरुकुडी येथे त्याने बांधलेल्या ‘गंडसमुद्र’ तलावाचा उल्लेख आहे. त्या तलावाच्या काठी त्याने शिव, बुद्ध आणि अर्हत अशा तिघांची देवालये उभारली आणि तिन्हींना जमिनी दिल्या. तलावाचे पाणी एकच, काठावर देवालये तीन. या प्रदेशातील कष्टकरी जैन शेतकरी समाजाचे गावाशी जे एकजीव नाते आज दिसते, त्याची मुळे इतकी खोल आहेत. पेरणी, पाणीवाटप, गावची जत्रा, मयताचा खांदा, यांपैकी कशातच ते वेगळे पडलेले नाहीत.

आणि आता भिंतीवरची ती खूण. बाईंनी हात छातीपर्यंत उंचावून दाखविले होते. “एकोणीस साली हितंवर पाणी हुतं,” त्या म्हणाल्या. “कागदं पिशवीत घातली, म्हसरं सोडली आणि निघालो. जाताना देवाला म्हटलं, तू दगडाचा हाईस, तू ऱ्हा हितंच. आमी येतो परत.”

२००५, २०१९ आणि २०२१. शिरोळ तालुक्यातील नदीकाठच्या माणसाला ही तीन वर्षे घरातल्या लग्नकार्यांसारखी तारीखवार आठवतात. धरणांतील विसर्ग, पंचगंगेचा आणि कृष्णेचा एकाच वेळी आलेला लोंढा, वाडीच्या संगमावर चढणारे पाणी, मग एकेका गावाचा तुटत जाणारा रस्ता. रात्री जनावरे हलवायची, म्हाताऱ्या माणसांना ट्रॅक्टरमध्ये बसवायचे, धान्याची पोती माळ्यावर टाकायची आणि कोणत्या तरी शाळेत वा नातेवाइकांकडे जाऊन पाणी उतरण्याची वाट पाहायची. पाणी उतरल्यावर उरतो तो चिखल, कुजलेला ऊस आणि खचलेल्या मातीच्या भिंती. पूर ओसरल्यावर दगड धुऊन निघतो. मातीचे घर पुन्हा उभे करावे लागते. आणि दर वेळी ही माणसे परत येतात.

खिद्रापूरच्या मंदिराचे वय सांगताना ‘आठशे-नऊशे वर्षे टिकले’ असे म्हटले जाते. टिकले ते काळ्या दगडामुळे, हे खरेच. परंतु दगड एकट्याने टिकला असता तर त्याचे केवळ अवशेष झाले असते. देवापुढे दिवा लागत राहिला तो पुरानंतर परत येणाऱ्या माणसांमुळे. प्रत्येक पिढीत कोणीतरी चिखल उपसला, गाभारा धुतला, जत्रा पुन्हा भरविली. त्या माणसांचे नाव कोणत्याही शिलालेखात नाही. मंदिर पाहून जो गावाकडे पाठ फिरवितो, तो अर्धेच मंदिर पाहून परततो.

अशा गावी बाहेरून येणाऱ्याचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. गाडीत पेट्रोल कोल्हापुरात भरलेले, डबा घरून आणलेला, पाण्याच्या बाटल्या वाटेतल्या शहरात घेतलेल्या, मुक्काम दुसरीकडे. गावाने मंदिर दाखविले, सावली दिली, रस्ता सांगितला. आणि गावाच्या पदरात पडल्या त्या रिकाम्या बाटल्या. असा प्रवासी वाईट माणूस नसतो. त्याने गावाचे खाते कधी उघडलेलेच नसते, इतकेच. त्याच्या मनात खिद्रापूर म्हणजे एक वास्तू असते. वास्तूला कोणी काही देणे लागत नाही.

हे खाते उघडणे अवघड नाही. सकाळी लवकर जावे, म्हणजे ऊनही कोवळे असते आणि घाईही नसते. शक्य असेल तर कुरुंदवाडहून एस.टी.ने जावे, गाडीतल्या अर्ध्या तासात आकिवाट, सैनिक टाकळी, राजापूर या गावांची जितकी ओळख होते तितकी स्वतःच्या मोटारीतून होत नाही. स्वतःचे वाहन नेल्यास ते गावाबाहेर उभे करून चालत आत जावे. चहा, नारळ, शेंगा, जे गावात मिळते ते गावातच घ्यावे आणि दहा रुपयांसाठी घासाघीस करू नये. माणसांची छायाचित्रे विचारून काढावीत; विहिरीवरची बाई किंवा कट्ट्यावरचा म्हातारा हे शिल्प नव्हे. दुपारी जेवणाचा आग्रह झाला तर अनमान करू नये. मात्र या भागातील अनेक जैन घरांत, विशेषतः चातुर्मासात, सूर्यास्तानंतर चूल पेटत नाही हे लक्षात ठेवून उशिरा कोणाच्या दारी जाऊ नये. पावसाळ्यात निघण्यापूर्वी नदीची पातळी विचारावी. पूर पाहायला म्हणून तर कधीच जाऊ नये. ज्याचे घर पाण्यात आहे, त्याच्यासमोर प्रेक्षक म्हणून उभे राहणे शोभणारे नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बसावे. देऊळ उभ्याने पाहता येते. गाव बसल्याखेरीज कळत नाही. अर्धा तास कट्ट्यावर बसले की कोणीतरी येऊन विचारतेच, आणि मग बस्ती, पूर, ऊस, मुलाची नोकरी, मुलीचे शिक्षण, क्षारपड शेत असे सारे हळूहळू बोलण्यात येते.

याच वाटेवर हातकणंगल्याजवळ कुंभोज आहे. बाहुबलीच्या डोंगरावर १९६३ मध्ये प्रतिष्ठित झालेली २८ फुटांची मूर्ती पाहण्यास दरवर्षी असंख्य श्रावक कुटुंबे येतात. डोंगरावर जातात, दर्शन घेतात, भोजनशाळेत जेवतात आणि परततात. त्यांतील किती जण कुंभोज गावात पाऊल ठेवतात? २२ सप्टेंबर १८८७ रोजी याच गावात भाऊराव पाटलांचा जन्म झाला. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, सर्व जातींच्या मुलांना एका छताखाली आणि एका पंगतीत आणले, आणि ज्या खेड्यांत शाळा पोहोचली नव्हती तेथे ती नेली. कर्मवीरांच्या कामाचा आरंभ खेड्यातील माणसाला ओळखण्यातून झाला. कुंभोजला जाऊन केवळ डोंगर चढून येणारा यात्रेकरू आणि खिद्रापूरला जाऊन केवळ मंडप पाहून येणारा प्रवासी यांचे राहून गेलेले पाहणे एकाच जातीचे आहे.

कट्ट्यावरच्या त्या प्रवाशाची एस.टी. वेळेपेक्षा बरीच उशिरा आली. तोवर त्याला गावातील तीन घरांची नावे, एका मुलाची सैन्यातील नेमणूक आणि यंदाच्या उसाची तोड केव्हा आहे, हे सारे ठाऊक झाले होते. पुढील ऑगस्टमध्ये वर्तमानपत्रात कृष्णेच्या पातळीची बातमी आली, तेव्हा त्याने ती नेहमीप्रमाणे वरवर वाचून पान उलटले नाही. राजापूर बंधाऱ्याजवळचे आकडे त्याने दोनदा वाचले आणि बाईंच्या नातवाला दूरध्वनी करून म्हसरे हलविली का, ते विचारले.